सैन्याने नाकारलेलं विमान

नॉटिंगहॅमचा ऑक्टोबर मला कधीच आवडला नाही. लोक फोटो काढतात, पानं बघा म्हणतात, रंग बघा म्हणतात. मला दिसतो तो फुटपाथवर चिखल झालेला पाला, दुपारीच दमून गेलेला उजेड, आणि बसमध्ये शिरलं की ओल्या कोटांचा कुबट वास. महिन्याच्या शेवटी घड्याळं एक तास मागे करायची, म्हणजे होता नव्हता तेवढा उजेडही सकाळी आपण अंथरुणात असताना खर्च होऊन जायचा. ह्या देशात उभं आयुष्य काढलं, पण ह्या महिन्याशी माझं जमलं नाही ते नाहीच.

परवा ट्रॅममध्ये समोरच्या सीटवरच्या मुलीने नेलपॉलिशची बाटली उघडली. वास नाकात गेला आणि माझं टाळकंच सरकलं. त्या बिचारीचा काही दोष नव्हता, कॉलेजला जाता जाता नखं रंगवत होती. पण मी उठले आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तो वास मला नेलपॉलिशचा वाटतच नाही. तो मला एका विमानाचा वास वाटतो, आणि त्या विमानाशी माझं वैर आहे. वैर हा शब्द मी विचार करून वापरतेय.

विमान म्हणजे तुम्हाला वाटेल तसलं नाही. पहिल्या महायुद्धाच्याही आधीचं, लाकडाचं आणि कापडाचं, एकावर एक अशा दोन मजली पंखांचं, दोन माणसांचं. सैन्यासाठी म्हणून कोणीतरी हौसेने बनवलं होतं. मागच्याने चालवायचं आणि पुढच्याने खाली शत्रू कुठे आहे ते बघायचं, अशी कल्पना. पण त्या बघणाऱ्याला बसवलं कुठे, तर बरोबर दोन पंखांच्या मध्ये. खाली बघितलं तर खालचा पंख, वर बघितलं तर वरचा. ज्याचं काम बघायचं, त्यालाच काही दिसू नये अशी उत्तम सोय केली होती. सैन्याच्या लोकांनी थोडंफार उडवून पाहिलं आणि नको म्हणाले. दुसरं कधी बनलं नाही. बनलं ते एकुलतं एकही कुठेतरी मोडीत गेलं.

मला विचाराल तर गोष्ट तिथे संपली. कोणी नको म्हटलं की आपण आपलं गाठोडं उचलायचं आणि घरी जायचं. पण इंग्लंडमधल्या निवृत्त पुरुषांना संपलेला विषय बघवत नाही. शहराबाहेर, शेतांच्या मध्ये एक पत्र्याची शेड आहे. तिथे पाच-सहा म्हाताऱ्यांनी जुने फोटो आणि अर्धेमुर्धे नकाशे समोर ठेवून तेच विमान नव्याने बनवायला घेतलं. एकदा तरी ते पुन्हा उडवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. का उडवायचं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांच्यातला मुख्य, जेफ नावाचा, गॅस कंपनीतून निवृत्त झालेला उंच माणूस, माझ्याकडे नुसता बघत राहिला. असा प्रश्न कोणाला पडू शकतो हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आणि ह्या लोकांत माझा नवरा जाऊन बसला.

श्याम आणि मी नागपूरला मेडिकल कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. तो सर्जन झाला, मी भूल देणारी. इथल्या एका हॉस्पिटलात दोघांनी नोकरी केली आणि कित्येकदा एकाच टेबलावर काम केलं. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या छातीवर एक हिरवं कापड आडवं उभं केलेलं असतं. श्यामकडे पेशंटचं पोट, माझ्याकडे पेशंटचा चेहरा. आम्ही एकमेकांना दिसायचो नाही, फक्त आवाज यायचा. 'बीपी?' 'बरं आहे.' 'अजून थोडा वेळ लागेल.' 'घे.' घरीसुद्धा आमचं बोलणं ह्याहून फार लांबायचं नाही.

पण मी स्टुलावरून उठून कापडापलीकडे डोकावले की मला त्याचे हात दिसायचे. गाठ मारताना ते हात बघत राहावेत असे होते. बाकी कशातही मी श्यामचा भरवसा धरत नाही. तो माझा वाढदिवस विसरतो, गाडीत पेट्रोल भरायचं विसरतो, एकदा तर मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून आणायलाच विसरला होता. पण त्याने मारलेली गाठ सुटली, आणि पेशंट रक्तस्राव होऊन परत टेबलावर आला, असं माझ्यासमोर कधी झालं नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही. आता इथे लिहून ठेवतेय.

त्याला कन्सल्टंट, म्हणजे इथला सगळ्यांत वरचा डॉक्टर, मात्र कधी केलं नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट झाली आणि मग त्यालाच 'थँक्स, श्याम' म्हणायला लागली. माझा जळफळाट व्हायचा, ह्याचा नाही. 'काम तर करू देतात ना,' म्हणायचा. ह्या एका वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. आमची मुलगी मुक्ता इथेच वाढलेली, लीड्सला असते. ती म्हणते, 'आई, म्हणून तर बाबाला तो विमान आवडतो. त्याला पण नाकारलं, बाबाला पण.' मी तिला म्हटलं, तुझ्या शाळेतल्या इंग्लिशच्या टीचरला सांग हे, मला नको. असल्या कवितेने माझं काही भागत नाही.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. रिटायर झालो की नागपूर, हे आमचं ठरलेलं होतं. धरमपेठेत फ्लॅट घेऊन ठेवला होता. इथे वॉर्डात मी कितीतरी म्हाताऱ्या बायका पाहिल्यात, आपल्याच बाजूच्या. जन्मभर दुकानं चालवली, इंग्रजीत भांडणं केली, बस ड्रायव्हरला सुनावलं, आणि शेवटी डोकं थकलं तसं इंग्रजी आधी गेलं. एक गुजराती आजी होती. तीन नर्सेस तिच्याभोवती उभ्या, आणि ती पाणी मागतेय हे एकीलाही कळेना. त्या तिला अगदी प्रेमाने 'यू ऑल राइट, माय लव्ह?' विचारत होत्या. मी तिला पाणी दिलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन दार लावून बसले. आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. माझ्या शेवटच्या आजारात मला पाणी मराठीत मागायचंय. एवढंच मागणं होतं माझं, आणि त्याच्या आड हे विमान आलं.

श्यामला तिथे नेलं शेजारच्या डेरेकने. डेरेक विमानाचं कापड शिवायचा. ह्या विमानाच्या पंखाला लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, बरगड्यांसारखा. त्याला दोन्ही बाजूंनी लिननचं कापड चढवतात आणि मग मेणाच्या दोऱ्याने ते कापड प्रत्येक पट्टीला टाके घालून आवळतात. त्याच्यावर रंगासारखं एक द्रावण फासतात, त्याने कापड ढोलासारखं ताणलं जातं, आणि त्याचाच तो नेलपॉलिशचा वास. श्यामने पहिल्या दिवशी टाके बघितले, हात धुतले, आणि म्हणाला, 'मे आय?' त्या दिवसापासून तो त्यांचा 'डॉक' झाला. आठवड्यातून एकदा जाणारा माणूस रोज जायला लागला. घरी आला की स्वेटरला तो वास. मी स्वेटर गॅरेजमध्ये काढायला लावायचे.

ह्या शिवणकामाला दोन माणसं लागतात. पंख लाकडी घोडीवर आडव्या बाजूने उभा करतात, भिंतीसारखा. एक माणूस अलीकडे बसतो, एक पलीकडे. अलीकडचा वीतभर लांबीची सुई कापडातून आरपार ढकलतो, पलीकडचा ती ओढून घेतो, पट्टीच्या दुसऱ्या अंगाने परत टोचतो, आणि सुई आली की अलीकडचा गाठ मारतो. गाठी सगळ्या एकाच बाजूला. पलीकडच्याला त्या दिसत नाहीत. त्याने फक्त सुई घ्यायची आणि सुई द्यायची.

एक पंख सोडून बाकी सगळे श्यामने आणि डेरेकने मिळून शिवले. मग डेरेकच्या डोळ्यांवर पडदा आला, पट्टीच्या जागी हवेत सुई टोचायला लागला, आणि त्याला घरी बसवलं. जेफने दुसरा माणूस शोधला तर त्याची पाठ धरायची. शेवटी श्याम माझ्याकडे आला. मी दिवाळीसाठी भाजणी दळून आणायची कशी ह्या विवंचनेत होते, आणि हा दारात उभा.

'नंदा, एवढा एक पंख. पलीकडे बसायचं फक्त.'

'आणि मग?'

'मग नागपूर.'

'दिवाळी झाली की लगेच?'

'लगेच.'

असा तो सौदा झाला. मी त्याच दिवशी गेले नसते तर बरं झालं असतं, पण गेले.

शेडमध्ये इतकी थंडी की बोटं वाकायची नाहीत. एक हीटर होता, तो विमानाच्या बाजूला तोंड करून ठेवलेला. लाकडाला ओल लागू नये म्हणे. माणसांना लागली तर चालते. जेफच्या माणसांनी मला खुर्ची दिली, खुर्चीवर उशी दिली, आणि मला 'मिसेस डॉक' म्हणायला सुरुवात केली. मी त्यांना एकदा सांगितलं, मीही डॉक्टर आहे. 'ऑफ कोर्स यू आर,' जेफ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परत मिसेस डॉक.

माझ्यासमोर पांढऱ्या कापडाची भिंत. दुपारचं तिरपं ऊन पत्र्याच्या फटीतून यायचं आणि पलीकडे बसलेल्या श्यामची सावली त्या कापडावर पडायची, डोकं मोठं, खांदे बारीक. सुईचं टोक आधी कापडाला आतून टोचून वर उचलायचं, एक छोटा तंबू व्हायचा, आणि मग टच् असा आवाज होऊन सुई बाहेर यायची. मी ओढायची. दोऱ्याचं मेण बोटांना लागायचं, घरी गेल्यावर कणीक मळताना त्याचा वास यायचा. ह्या कामात एक लय होती हे मी नाकारत नाही. लय तर धुणं धुण्यातही असते.

त्या कापडातून आम्ही किती भांडलो. समोर चेहरा नसला की माणसाला जास्त बोलता येतं. पडद्याचा गज कोणी वाकडा लावला इथपासून ते मुक्ताच्या लग्नात त्याच्या भावाने काय दिवे लावले इथपर्यंत. मी बोलायची, तो 'हं' म्हणायचा आणि सुई पाठवायचा. कधी कधी मला वाटायचं की सुई नुसती परत न देता जोरात टोचावी. पण विमानाच्या पंखाला भोक पडलं असतं आणि परत ते सगळे म्हातारे हळहळत जमले असते.

पंखाच्या मधोमध एक जाड पट्टी होती, वरच्या आणि खालच्या पंखाला जोडणारे खांब जिथे बसतात तिथली. आम्ही त्या पट्टीपाशी होतो तेव्हा मी त्याला सांगितलं, 'तिकिटं काढली मी. दोघांची. भाऊबीज झाली की निघायचं.'

पलीकडची सावली हलली नाही. मग सुई आली, मी ओढली, परत दिली.

'ऐकलंस ना?'

'ऐकलं,' तो म्हणाला. 'बरं झालं.'

मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की पुढच्या पट्ट्या कशा संपल्या कळलं नाही. घरी जाताना मी गाडीत गाणं म्हणत होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला सगळ्यांना सांगून टाकलं, आम्ही चाललो. चर्चच्या हॉलमध्ये, गार पडलेल्या चकल्या खात, बायकांनी मला मिठ्या मारल्या. एक जण रडलीसुद्धा. पुण्याहून नव्याने आलेली एक आयटीतली पोरगी म्हणाली, 'काकू, यू आर सो ब्रेव्ह.' श्याम एका कोपऱ्यात प्लेट धरून उभा होता. त्याचं लोक अभिनंदन करत होते आणि तो 'थँक्यू, थँक्यू' म्हणत होता.

दिवाळी संपता संपता पंख झाला. रंग फासण्याआधी तपासणी असते, त्यासाठी एक बाई आली. चाळिशीची, बूट चिखलात माखलेले, बोलणं नेमकं. तिने पंखावरून हात फिरवला, टॉर्च लावून गाठी बघितल्या आणि मान हलवली. वरून सगळं ठीक दिसत होतं. मग तिने खिशातून कात्री काढली आणि मधल्या पट्टीच्या पुढचा एक टाका कापला. नीट मारलेली गाठ असेल तर एक टाका तुटला तरी शेजारचा जागचा हलत नाही, म्हणून तर प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ असते. तिने तुटलेला दोरा बोटाने ओढला. शेजारचा टाका सैल पडला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच्या रांग, शेवटपर्यंत.

त्या बाईने श्यामकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली की हे सगळं कापड काढावं लागेल, नव्याने चढवावं लागेल, परत शिवावं लागेल. म्हणजे अख्खा हिवाळा, आणि पंख झाल्याशिवाय नागपूर नाही. जेफने श्यामच्या खांद्यावर हात ठेवला, 'हॅपन्स टू द बेस्ट ऑफ अस, डॉक.' श्यामने मान खाली घातली. मला त्याची कीव आली. मी खरंच सांगते, पहिल्यांदा कीव आली. वय झालं ह्याचं, हात गेले, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाके उसवायला बसलो. ह्या वेळी दोघं एकाच बाजूला, शेजारी शेजारी, गाठींच्या बाजूला. म्हणजे मला त्या गाठी पहिल्यांदा दिसत होत्या. मी पंखाच्या सुरुवातीपासून उसवत निघाले. पहिल्या पट्टीवरच्या गाठी अशा पक्क्या की प्रत्येक गाठीला कात्रीचं टोक घालून झटावं लागत होतं. दुसरी पट्टी तशीच. तिसरीही. माझी नखं दुखायला लागली. मग मधली जाड पट्टी आली, तिच्या अर्ध्यापर्यंत गाठी पक्क्या. आणि अर्ध्यानंतर मी दोरा ओढला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघून आला. पुढचं सगळं तसंच.

थकलेल्या हाताची चूक अशी एका पट्टीच्या मध्यावर सुरू होत नाही. डेरेकबरोबर शिवलेल्या पंखांत एकही गाठ सुटलेली नव्हती. आणि ज्या माणसाचे हात मी उभा जन्म कापडापलीकडून बघत आले, त्याला गाठ मारता येत नाही हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. मधल्या पट्टीपाशी काय झालं होतं, ते मला माहीत होतं. मीच तिकिटांचं बोलले होते.

शेडमध्ये सहा माणसं होती. ओरडायची सोय नव्हती. मी उसवत राहिले आणि भाजीचा भाव विचारावा अशा आवाजात म्हटलं, 'मधल्या पट्टीनंतरच्या सगळ्या सैल आहेत.'

'हं.'

'मी तिकिटांचं सांगितलं, तिथून.'

त्याने पुढचा टाका कापला. तेवढ्यात जेफ ट्रे घेऊन आला. चहा आणि बिस्किटं. 'एव्हरीथिंग ऑल राइट, डॉक?'

'यस, यस,' श्याम म्हणाला. 'जस्ट डिस्कसिंग द नॉट्स.'

जेफ तिथेच एका पेटीवर टेकला आणि आमच्याकडे कौतुकाने बघत चहा प्यायला लागला. मीही कप हातात घेतला. चेहऱ्यावर हसू ठेवलं.

'मुद्दाम केलंस.'

'हौ,' तो म्हणाला. हो म्हणायचं नागपूरचं हे हौ तो घराबाहेर कधी काढत नाही.

'कोणी बसलं असतं ह्यात, म्हणजे?'

'तपासल्याशिवाय कोणी बसत नाही. ती बाई पकडणार, माहीत होतं मला.'

'म्हणजे विमानाला धोका नको ह्याची काळजी घेतलीस. माझं काय?'

त्याने बिस्किट चहात बुडवलं. 'तिकडे मी काय करू, नंदा? सकाळी फिरायला जाईन. मग पेपर. मग तुझ्या बहिणीचे जावई एक्स-रे घेऊन येतील, ते उजेडात धरून बघेन. इथे मी उठतो तेव्हा मला माहीत असतं, आज कोणती पट्टी.'

'हे तोंडाने सांगता येत नव्हतं?'

'तुला नाही म्हणायची हिंमत कोणाची आहे?'

'आत्ता म्हण.'

'नाही,' तो म्हणाला. 'मी येणार नाही.' आणि मग, बिस्किट संपवून, अगदी साध्या आवाजात, 'तू जा ना. तिकीट तुझ्याही नावाचं आहे. कोणी अडवलंय?'

जेफने कप खाली ठेवला. 'लव्हली लँग्वेज,' तो म्हणाला. 'साउंड्स सो पीसफुल.'

'थँक्यू,' मी म्हटलं.

मी श्यामला नेणार होते, श्याम येत नव्हता, म्हणून मी अडकले होते, असाच हिशोब मी इतकी वर्षं मांडला होता. एकटीने जायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी त्या विमानावर जळत होते, जेफवर जळत होते, ऑक्टोबरवर जळत होते, आणि दार तर उघडंच होतं. हे त्याने बिस्किट बुडवत मला सांगावं, ह्याचा राग मला आजही येतो. सैल गाठींपेक्षा जास्त.

मी गेले. भाऊबीज झाल्यावर, ठरलेल्या दिवशी. बर्मिंगहॅमच्या एअरपोर्टवर त्याने माझी बॅग काट्यावर चढवली, हँडलला ओळखीसाठी लाल दोरा बांधला, आणि म्हणाला, 'पोचलीस की फोन कर.' विमानात बाजूची सीट रिकामी होती. त्याचं तिकीट रद्दच केलं नव्हतं. मी तिच्यावर माझी शाल ठेवली.

नागपुरात मला सगळं मिळालं, खोटं बोलणार नाही. ऊन मिळालं. दाराशी उभं राहून तासभर बोलणाऱ्या बायका मिळाल्या. एप्रिलमध्ये मला तापाने धरलं आणि दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. पहाटे घशाला कोरड पडली तर कोपऱ्यातल्या खुर्चीतली नर्स लगेच उठली, 'पाणी देऊ का काकू?' मी म्हटलं, 'दे गं.' एवढंच. ह्यासाठी मी सगळं केलं होतं, आणि ते अगदी मला हवं होतं तसंच झालं. पाणी पिऊन झालं आणि मला रडू आलं, कारण हे झालं असं सांगायला मला श्यामच हवा होता. फोन मी केला नाही. इंग्लंडात तेव्हा त्याची झोपेची वेळ होती, आणि केला असता तर तो 'हं' म्हणाला असता.

आता ह्या ऑक्टोबरात मी तीन आठवड्यांसाठी आलेय. मुक्ताला भेटायला, डोळ्यांच्या अपॉइंटमेंटला, आणि पेन्शनच्या काही भानगडींसाठी. घरात मी पाहुणीसारखी वावरते. मसाल्याचे डबे त्याने जागेवरून हलवलेत. मी विचारलं, तर म्हणाला, 'हाताशी येतात असे.' आम्ही भांडत नाही. भांडायला रोजचं काहीतरी लागतं, ते आता राहिलेलं नाही.

काल मला शहरातून घरी यायचं होतं आणि पाऊस होता, म्हणून तो गाडी घेऊन न्यायला आला आणि म्हणाला, 'शेडवरून जाऊ, थोडंच काम आहे.' नवं लिनन मिळायलाच उन्हाळा उजाडला म्हणे, पण आता ते पंखाला चढलेलं. मधल्या पट्टीच्या पुढेपर्यंत शिवून झालेलं. मी जवळ जाऊन गाठी बघितल्या, एक एक नखाने ओढून बघितली. एकही हलली नाही. तो माझ्याकडे बघत होता. पलीकडे बसणारा माणूस फ्लूने आजारी होता, जेफ बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता, शेडमध्ये आम्ही दोघंच.

त्याने सुईत दोरा ओवला. दोऱ्याला मेण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'अर्धा तास बसतेस का पलीकडे?'

'नाही,' मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. सुई टोचायची, उठायचं, गुडघ्यावर हात ठेवून अख्ख्या पंखाला वळसा घालायचा, पलीकडे बसायचं, सुई ओढायची, परत टोचायची, परत उठायचं, परत वळसा घालून यायचं आणि गाठ मारायची. मग पुढचा टाका. त्याचा डावा पाय आता थोडा ओढल्यासारखा पडतो, ते मला फोनवर कधी कळलं नव्हतं. मी कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन, भिंतीशी खुर्चीत बसले होते. मला वाटत होतं की त्याने चिडावं, एकदा तरी सुई फेकून माझ्यावर ओरडावं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. तो ओरडला नाही. पट्टी संपेपर्यंत तो त्या पंखाभोवती फिरत राहिला, आणि मी उठले नाही.